मुलांसाठी आजी-आजोबांजवळ राहायला जातोय. जाण्याआधी कोणाशी काय बोलून घ्यावं?

निळाई

नमस्कार. गेले काही महिने आमच्या घरात हा एकच विषय चालू आहे, म्हणून शेवटी इथे विचारते.

आम्ही दोघंही नोकरी करतो. लेक चार वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. साबा-साबु (सासूबाई आणि सासरे) इथून रात्रभराच्या प्रवासावर राहतात, माझे आईबाबा त्याच्याही पलीकडे. इथे हाकेला ओ देईल असं आमचं कुणी नाही. पाळणाघर चांगलं आहे, तिथल्या बायका मायेनं करतात, तक्रार अजिबात नाही. पण मूल तापलं की पाळणाघर घेत नाही (आणि ते बरोबरच आहे). मग आज सुट्टी कुणी घ्यायची यावर सकाळी सहा वाजता आमची बोलणी सुरू होतात. लेकीला तिची आजी माहीत आहे ती फोनच्या पडद्यावरची. मागच्या सुट्टीत गेलो तेव्हा ती सुरुवातीला आजीजवळ जाईचना. साबा काही बोलल्या नाहीत, पण मला ते फार लागलं. आणि निघायच्या दिवशी तीच मुलगी आजीचा पदर सोडेना.

तर आता जायचं ठरतंय. नवऱ्याला घरून काम करायची परवानगी मिळाली आहे. मला तिथल्या शाखेत बदली मिळतेय, पण जबाबदारी थोडी खालची आणि पगारही कमी. ते गणित आम्ही मांडलंय, जमतंय, त्यामुळे पैशांचा सल्ला नको आहे.

मला अडतंय ते पुढे. साबांच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. नवरा म्हणतो, हक्काचं घर असताना भाडं कशाला भरायचं? मला ठरवता येत नाहीये. साबांचे गुडघे दुखतात, जिना चढताना त्या मध्ये थांबतात. तरी फोनवर एकच, "मी आहे ना, तुम्ही या फक्त." साबुंचा दिवस ठरलेला आहे: सकाळचं फिरणं, वाचनालय, मित्र. आम्ही चौघं तिथे जाऊन त्यांचं निवांतपण मोडणार का?

दुसरं म्हणजे मुलांचे नियम. झोप, टीव्ही, रागावणं, या सगळ्याबद्दल आमची काही मतं आहेत. ती सांगायची कशी? नवरा म्हणतो, आईनं आम्हाला वाढवलंच की. ते खरं आहे, पण मुलं त्यांच्यावर सोपवायची आणि वर सूचना द्यायच्या, हे मला बरं वाटत नाही.

आणि माझी आई. तिनं "छान झालं" म्हटलं, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. आजी-आजोबा कुणी इथे असतील तर त्यांनी तर नक्कीच.

---

पाऊलवाट

आम्ही हे केलंय. मुलगा तीन वर्षांचा असताना आईबाबांजवळ आलो, आता तो चौथीत आहे.

वेगळं घर घ्या, पण चालत जाता येईल असं. आईला वाहनाशिवाय तुमच्याकडे येता आलं पाहिजे आणि मुलगी थोडी मोठी झाली की तिला एकटीला आजीकडे जाता आलं पाहिजे. आम्ही घर शोधताना हेच बघितलं, बाकी सगळं दुय्यम. एकाच घरात असलं की संध्याकाळी दमून गप्प बसलेला माणूसही घरच्यांना रागावलेला वाटतो. वरचा मजलाच घ्यायचा झाला तर स्वतंत्र स्वयंपाकघर आणि स्वतंत्र दार, एवढं तरी बघाच.

तुमच्या नवऱ्यासाठी एक निरोप. तुमच्या सासूबाईंना जे सांगायचं ते त्यांनी सांगायचं. मुलाचं बोलणं आई संध्याकाळपर्यंत विसरते, तेच सुनेनं सांगितलं तर मनात ठेवते. यात कुणाची चूक नाही, पण तसं होतं. माझ्या बायकोनं येण्याआधीच मला हे बजावलं होतं आणि मी ते पाळतोय.

तिच्यासाठी हे गाव परकं होतं, माझ्यासाठी ओळखीचं. मी पोचल्याबरोबर शाळेतल्या मित्रांमध्ये रमलो असतो आणि ती कुणाची तरी सून, कुणाची तरी आई एवढीच उरली असती. म्हणून पहिल्या वर्षी ठरवून तिच्या ओळखी आधी होऊ दिल्या. ती एका पोहण्याच्या गटात जायला लागली, त्या वेळी मुलगा माझ्याकडे, आईकडे नाही. हे तुम्ही तुमच्यासाठी मागून घ्या.

अजून एक. शाळेत जायला लागलं की मूल दिवसभर घरी नसतं. आजी-आजोबांची ज्या कामासाठी गरज वाटत होती ते काम पाच-सहा वर्षांत बरंच कमी होतं, आणि तोवर त्यांची वयं पुढे गेलेली असतात. आमच्याकडे गेल्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला. आता सकाळी त्यांना व्यायाम देऊन मी कामाला बसतो, आणि मुलगा शाळेतून आला की त्यांच्याबरोबर मोठ्यानं वाचतो, कारण त्यांना बोलण्याचा सराव हवा आहे. आलो होतो मुलासाठी. तेव्हा नवरा-बायकोंनी हेही आत्ताच बोलून घ्या की त्या दिवसांतही तिथेच राहायची दोघांची तयारी आहे का.

---

सांजवेळ

अगं निळाई, मी दुसऱ्या बाजूची. माझा मुलगा आणि सून असेच माझ्याजवळ राहायला आले. नात सहा वर्षांची, नातू तीन. जरा सविस्तर लिहिते.

आधी सासूबाईंना नीट विचार. "आम्ही आलो तर चालेल ना?" असं विचारलंस तर कुठलीही आजी होच म्हणणार. नातवंडं येणार म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? माझ्या सुनेनं मला वेगळं विचारलं होतं. म्हणाली, "आई, तुमच्या आठवड्यातलं काय काय आहे तसंच राहायला हवं?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग सांगितलं: मंगळवार आणि शुक्रवारचा चित्रकलेचा वर्ग, दुपारची झोप आणि रात्रीचं वाचन. चित्रकला मी साठीनंतर सुरू केली. त्याआधी नोकरी, मुलं, मग सासूबाईंचं आजारपण. तो वर्ग सुटला असता तर मी तोंडानं काही बोलले नसते, पण आतून नाराज राहिले असते. तो आजही चालू आहे.

पाळणाघर पूर्ण बंद करू नकोस, हे अगदी आग्रहानं सांगते. तिथे गेल्यावर अर्ध्या दिवसाचं बघ. आमच्याकडे नातू सकाळी पाळणाघरात असतो आणि दुपारनंतर माझ्याकडे. मला ताप आला, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा मुलगा-सुनेचं काम अडलं नाही. आणि "माझ्यामुळे त्यांची पंचाईत होईल" म्हणून मी दुखणं अंगावर काढलं नाही. आजीवरच सगळं अवलंबून असलं की आजी आजारी पडायलाही घाबरते.

गुडघ्यांचं. वर्षाचं मूल नऊ-दहा किलोचं होतं आणि दिवसभर त्याला वर घे, खाली ठेव चालूच असतं. आम्ही ठरवलं की मी मुलाला जमिनीवरून उचलायचं नाही. मी सोफ्यावर बसते, तो चढून येतो. चालायला लागल्यावर तो हे इतक्या लवकर शिकला की मीच थक्क झाले. कपडे बदलायला कमरेइतक्या उंचीचं टेबल मुलानं आणून दिलं. आंघोळ मी घालत नाही. ओलं, निसरडं मूल आणि माझे हात, मला धीर होत नाही, आणि हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तुझ्या सासूबाई आपणहून सांगणार नाहीत. एकेक काम घेऊन विचार: हे जमेल, हे नको, हे जमेल. आणि वरचा मजला म्हणतेस, तर मूल कडेवर घेऊन तो जिना त्या दिवसातून किती वेळा चढतील याचा विचार नवऱ्याला करायला सांग.

टीव्हीचं म्हणशील तर मला त्याचा त्रास झाला. सुनेचं म्हणणं, दोन वर्षांपर्यंत काही दाखवायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ साली सांगितलंय की एक वर्षाखालच्या मुलांना पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. मला ते पटलं होतं. पण संध्याकाळी साडेपाचला मी दमलेली, मूल किरकिरं, तेव्हा करायचं काय? टीव्ही लावला असता तर मला जरा पाठ टेकता आली असती. हे मी सांगितल्यावर मुलगा साडेपाचला कामातून उठून नातवाला बाहेर न्यायला लागला. मग नियम आपोआप पाळला गेला. नियम सांगाल तेव्हा त्या वेळेला मदतीला कोण येणार तेही सांगा.

रागावण्याचं आमचं असं आहे की मी एकटी असताना माझं चालतं आणि आईबाप घरी असतील तर त्यांचं. मी काही वेगळं केलं तर मुलगा मला मुलांसमोर टोकत नाही, नंतर बोलतो. मीही त्यांनी नाही म्हटलेलं मागच्या दारानं देत नाही.

आजोबांना आजीचा मदतनीस करू नका. आमच्या ह्यांनी स्वतःच्या मुलांना कधी साधं झोपवलं नव्हतं, दिवस कामात जायचा. नातीला शाळेतून आणायचं काम संपूर्ण त्यांचं आहे. वाटेत दोघांचं काय बोलणं होतं ते मला सांगत नाहीत. पंचाहत्तरीला आलेला हा माणूस शाळा सुटायच्या अर्धा तास आधी चपला घालून तयार असतो.

आणि कधीतरी मुलं नसतानाही साबांकडे जाऊन बस. काम नसताना.

काय ठरतं ते कळव.

---

वाचनवेडा

सांजवेळ काकूंचा प्रतिसाद फार आवडला.

निळाई, "आपण त्यांना वापरून घेतोय का" ही बोच तुमच्या प्रश्नात जाणवली, म्हणून लिहितो. माणसाचं मूल एकट्या आईनं वाढवायची रीत मुळात नव्हतीच, असं मानणारे अनेक मानवशास्त्रज्ञ आहेत. क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. तिथल्या म्हाताऱ्या बायका तासन्‌तास कंद खणतात. आईला नवं बाळ झालं की आधीच्या मुलाचं वजन आईच्या मेहनतीपेक्षा आजीच्या मेहनतीवर ठरतं, असं त्यांना १९९७ साली आढळलं. मूल होणं थांबल्यावरही बाईचं आयुष्य एवढं लांब का, याचं एक उत्तर त्यांनी यात शोधलं. २००४ साली फिनलंड आणि कॅनडातल्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा पन्नाशीनंतर आजी जितकी जास्त जगली तितकी तिची नातवंडं जास्त, असं दिसलं: दर दहा वर्षांमागे साधारण दोन.

पण किती सांभाळायचं याला मर्यादा आहे. मेलबर्नमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७ ते ६८ वयाच्या बायकांच्या स्मरणशक्तीच्या आणि विचारशक्तीच्या चाचण्या घेतल्या. आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या सर्वांत पुढे होत्या. पाच किंवा अधिक दिवस सांभाळणाऱ्या एका चाचणीत बऱ्याच मागे पडल्या, आणि मुलं आपल्यावर जास्त भार टाकतात असंही त्यांना वाटत होतं. बर्लिनमध्ये सत्तरीपुढच्या पाचशेहून अधिक लोकांची वर्षानुवर्षं माहिती ठेवली होती. त्यावरून २०१७ साली असं मांडलं गेलं की अधूनमधून नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा इतरांपेक्षा जास्त जगले. अर्थात धडधाकट माणसंच मुळात जास्त सांभाळत असतील, त्यामुळे यावरून सरळ निष्कर्ष काढू नये. शिवाय पूर्ण जबाबदारी घेतलेले आजी-आजोबा त्या अभ्यासात नव्हते.

मी याचा अर्थ असा लावतो की साबांना तुमची मुलं हवी आहेत यात खोटं काही नाही. प्रश्न फक्त आठवड्यातल्या तासांचा आहे.

---

शुश्रूषा

मी मुलांच्या वॉर्डमध्ये परिचारिका आहे. आजी-आजोबांच्या घरी मुलं राहायला जाण्याआधी काही गोष्टी बघाव्यात.

सर्वांत आधी औषधं. ज्येष्ठांची औषधं वारांच्या डबीत असतात आणि ती डबी मुलाला सहज उघडते. मधुमेहाच्या काही गोळ्यांपैकी एक गोळीसुद्धा लहान मुलाची साखर धोकादायक पातळीवर उतरवू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तसंच. डबी उंचावर, कुलपात. आजीची पर्स आणि उशाखालची पुडीही विसरू नका. श्रवणयंत्रातले, रिमोटमधले बटणासारखे सेल मुलानं गिळले आणि ते अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांत आतून जखम करतात. अशा वेळी उलटी काढायचा प्रयत्न करू नका, सरळ रुग्णालय गाठा.

झोपेबद्दल आजी-आजोबांशी वाद होतात, कारण त्यांच्या तरुणपणी अनेक देशांत डॉक्टरच बाळाला पालथं झोपवायला सांगत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ साली हा सल्ला बदलला आणि त्यानंतर तिथे झोपेत अचानक होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. तुमचा धाकटा आठ महिन्यांचा, आता तो स्वतः वळत असेल. ठेवताना पाठीवर ठेवायचं, तो आपणहून वळला तर वळू द्यायचं. उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी अंथरुणात नकोत. आणि वर्षाचा होईपर्यंत मध चाटवायचा नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजांनी बाळाला लुळेपणा येऊ शकतो.

साबा-साबुंच्या लसींबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः डांग्या खोकला आणि फ्लू. डांग्या खोकल्याच्या लशीचं संरक्षण वर्षांनुवर्षं टिकत नाही, आणि मोठ्यांना जो साधा खोकला वाटतो तो बाळाला श्वास घेऊ देत नाही. लस घेऊन निदान दोन आठवडे झालेले असले की बरं.

हे सगळं तुम्ही सांगू नका. तिथले बालरोगतज्ज्ञ ठरले की पहिल्या भेटीला साबांना बरोबर न्या. त्यांना स्वतःचे प्रश्न विचारू द्या. आमच्याकडे ज्या आज्या स्वतः डॉक्टरांशी बोलून जातात त्या घरी इतर कुणापेक्षा काटेकोर असतात.

---

पैलतीर

तुमच्या आईबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडेही मुलं बाबांच्या आईवडिलांजवळ वाढली, माझी आई लांब होती. तिला आम्ही रोज फोन करायचो, पण नुसतं "काय करतेस, जेवलीस का" यानं मुलं दोन मिनिटांत पळून जायची. मग एकाच गोष्टीच्या पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या, एक आईकडे, एक आमच्याकडे. ती वाचायची, मुलं इकडे पान उलटायची. समोर आपलं माणूस असलेला व्हिडिओ कॉल पडद्याच्या वेळेत मोजत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१६ साली दीड वर्षाखालच्या मुलांना पडदा नको म्हणताना तेवढी सूट दिली होती.

आणि दर सुट्टीत काही दिवस मुलं तिच्याकडे, आम्ही दोघं तिथे नाही. हे जायच्या आधीच ठरवा आणि तिला सांगा. नंतर सवड काढू म्हटलं की निघत नाही.

---

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सांजवेळ काकू, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, मीच विचारतो.

त्यानं साबांना फोन करून तुमच्या सुनेनं विचारलं तसंच विचारलं. त्या म्हणाल्या, उद्या सांगते. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर कागदावर लिहून ठेवलेलं वाचून दाखवलं. गुरुवार दुपार मैत्रिणींची. दुपारी दोन ते चार झोप, त्या वेळी मूल जवळ नको. रात्री मुलं सांभाळायची नाहीत, अडचण असेल तेव्हाच. लेकीला शाळेतून आणणं साबुंकडे, तसं त्यांनी आधीच आपसात ठरवलं होतं! आणि सगळ्यात अनपेक्षित म्हणजे वरच्या मजल्यावर आम्ही राहू नये असं त्यांचंच मत निघालं. म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर पावलं वाजली की मी वर येणारच, मला राहवणार नाही, आणि गुडघे बोलतील. जवळच घर बघा." नवरा इतके दिवस ज्यासाठी माझ्याशी भांडत होता ते आईनं एका वाक्यात मिटवलं. पुढच्या गल्लीतलं एक घर साबुंनी बघूनही ठेवलंय, तळमजल्यावरचं.

शुश्रूषा, औषधांचं कपाट नवरा पुढच्या आठवड्यात जाऊन बसवून येतोय. लसींचं साबुंनी स्वतः विचारून घेतो म्हटलं. पाळणाघर अर्ध्या दिवसाचं शोधतोय. पाऊलवाट, ते पुढच्या वर्षांचं बोलणं आम्ही दोघांनी केलं. माझी तयारी आहे. ते मोठ्यानं बोलल्यावर मला बरं वाटलं.

पैलतीर, आईला काल सांगितलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं तिची, आम्ही फक्त सोडायला आणि आणायला येणार. तिनं लगेच विचारलं, धाकट्याला झोपताना काय लागतं. पुस्तकांच्या दोन प्रती आजच मागवल्या.

आता एकच राहिलंय. लेकीची इथली शाळा सत्राच्या मध्येच सोडायची की सत्र संपेपर्यंत थांबायचं? तिची एक अगदी जिवलग मैत्रीण आहे आणि तिला अजून काहीच सांगितलेलं नाही. चार वर्षांच्या मुलीला हे किती आधी सांगावं? कुणाचा अनुभव असेल तर लिहा.